बायपाससाठी हॉस्पिटल निवडताना ‘स्मार्ट’ या शब्दामागे काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीच्या एका कुटुंबात वडिलांची बायपास ठरली आहे. वय ६८, मधुमेह आहे. मुंबईतल्या दोन हॉस्पिटलांत चौकशी झाली. एकीकडे ‘एआय आधारित स्मार्ट आयसीयू’ असं सांगितलं गेलं, दुसरीकडे ‘रोबोटिक सर्जरी आणि पेशंट-सेंट्रिक केअर’. मुलीनं विचारलंय की यातलं खरं किती, बाबांच्या उपचारात यानं काय फरक पडतो आणि निवड कशी करायची.

मी महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले, पुढे आयसीयूची इन्चार्ज झाले, आणि आता बरीच वर्षं एका ट्रस्ट हॉस्पिटलात रुग्णसुरक्षा आणि गुणवत्ता विभाग बघते. त्यामुळे माझं उत्तर खाटेच्या बाजूनं येईल. कुठली नस घ्यायची, ऑपरेशन कुठल्या पद्धतीनं करायचं, हे तुमचे सर्जन सांगतील.

बदल खरा आहे, आणि मोठा आहे. फक्त तो बहुतेक वेळा माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतो. नवीन यंत्रणा आली की मी दोन गोष्टी बघते. तिच्यामुळे सिस्टर पेशंटजवळ आधीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागली का? आणि पेशंटला स्वतःच्या उपचाराबद्दल आधीपेक्षा जास्त कळायला लागलं का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ती यंत्रणा हॉस्पिटलच्या सोयीसाठी आहे. तशीही असू शकते, त्यात गैर काही नाही, पण तिला पेशंट-सेंट्रिक, म्हणजे पेशंटला केंद्रस्थानी ठेवणारी, म्हणू नये.

सुरुवात औषधांपासून करते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथेच वाचलेत. जुनी पद्धत अशी होती: डॉक्टर राऊंडला केसपेपरवर औषध लिहायचे, सिस्टर ते ट्रीटमेंट शीटवर उतरवायची, मग फार्मसीसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहायची. एकच औषध तीन ठिकाणी हातानं लिहिलं जायचं आणि प्रत्येक ठिकाणी चुकायला जागा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’साठी काढलेलं इंग्रजी अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. ही चूक जगभर इतक्या वेळा झाली आहे की आता तिथे पूर्ण शब्दच लिहायचा असा नियम आहे. शिवाय एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर, हे मुंबईत रोजचंच. आणि पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्यूल रात्रीच्या उजेडात साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलसारखी दिसू शकते. ती पातळ न करता शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून चांगल्या हॉस्पिटलांनी ती वॉर्डाच्या कपाटातून काढूनच टाकली. या बदलाला एक रुपयाचंही तंत्रज्ञान लागलं नाही.

आता नीट चालणाऱ्या ठिकाणी डॉक्टर थेट कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकतात. ॲलर्जीची नोंद असेल किंवा दोन औषधांचं एकमेकांशी जमत नसेल तर तिथल्या तिथे सूचना येते. फार्मसिस्ट ती ऑर्डर तपासतो. खाटेपाशी सिस्टर आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करते, मग औषधाचं पाकीट. जुळलं नाही तर स्क्रीन तिला पुढे जाऊ देत नाही. तुमच्या बाबांना ऑपरेशननंतरच्या दिवसांत रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन, बीपीची औषधं, वेदनाशामकं असं सगळं एकाच वेळी चालू असेल. त्यांच्यासाठी हे स्कॅनिंग रोबोटच्या हातापेक्षा मोलाचं आहे.

मात्र स्कॅनर विकत घेतला म्हणजे स्कॅनिंग होतं असं नाही. वॉर्डात पेशंट जास्त आणि सिस्टर कमी असल्या की पळवाटा निघतात. पट्ट्यांच्या जादा प्रती नर्सिंग स्टेशनवर ठेवून तिथेच सगळ्यांचं स्कॅनिंग उरकलं जातं, किंवा स्कॅनरची बॅटरी संपलेली असते आणि ‘नंतर करू’ म्हणून औषध दिलं जातं. हे जगभर घडतं, आणि यात सिस्टरला दोष देणं मला मान्य नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. मुंबईतल्या कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात जाऊन मोजा. एवढ्या ताणात प्रत्येक स्कॅनचे काही सेकंद कुठून आणायचे? यंत्र आणलं आणि माणसं तेवढीच ठेवली, की सुरक्षेसाठी आणलेल्या गोष्टीचाच बोजा होतो. म्हणून हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: रात्रपाळीला या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर असायला हवी. आकडा लगेच आणि स्पष्ट सांगणारं हॉस्पिटल मला आवडतं.

आता ‘स्मार्ट आयसीयू’ आणि वॉर्डातले सेन्सर. यामागचं वैद्यकीय ज्ञान पक्कं आहे. पेशंट ‘अचानक’ कोसळला असं नातेवाइकांना वाटतं, पण बहुतेक वेळा काही तास आधीपासून शरीर खुणा देत असतं. श्वासाचा वेग वाढतो, नाडी वाढते, माणूस थोडा गोंधळलेला वाटतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये यासाठी गुणांकनाची एक पद्धत आणली. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्धीची पातळी आणि ताप या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज ५ झाली की डॉक्टरनं तातडीनं येऊन बघायचं, ७ किंवा जास्त झाली की थेट आणीबाणी. ही पद्धत वेगवेगळ्या रूपांत आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही आली आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण तिनं ज्युनियर सिस्टरच्या हातात अधिकार दिला. ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ असं रात्री तीन वाजता म्हणायला धीर लागतो. ‘सर, स्कोअर ७ आहे’ असं म्हटलं की डॉक्टरला यावंच लागतं.

या सातांपैकी सगळ्यात उपयोगी खूण श्वासाचा वेग, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजायला वेळ नसतो म्हणून वर्षानुवर्षं वॉर्डाच्या चार्टवर डोळे झाकून तोच एक आकडा लिहिला जातो. गादीखाली ठेवायचा सेन्सर इथे खरंच कामाला येतो. पेशंटला काही चिकटवावं लागत नाही आणि श्वास-नाडी सतत मोजली जाते. या तंत्रज्ञानाच्या मी बाजूनं आहे. फक्त त्याचा अलार्म कुठे वाजतो आणि वाजल्यावर किती मिनिटांत कोण येतं, हे ठरलेलं हवं. आयसीयूत अलार्म इतके वाजतात की कानाला त्यांची सवय होते. याला अलार्मचा थकवा म्हणतात आणि त्यामुळे जगभरात जीव गेलेत. आमच्याकडे सेन्सर बसवण्याआधी बराच वेळ फक्त यावरच चर्चा झाली की कुठला अलार्म कुणाच्या फोनवर जाईल, त्यानं उचलला नाही तर पुढे कुणाला, आणि कुठले अलार्म बंदच करायचे. ती चर्चा कंटाळवाणी होती. सेन्सरचा उपयोग झाला तो त्या चर्चेमुळे.

यंत्राच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घराघरात पोहोचला. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, आणि लपलेली कमतरता निसटण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट होतं. आपण सावळी माणसं. त्यामुळे आकडा ९४ दाखवतोय पण बाबांना दम लागतोय, ओठ निळसर वाटतायत, तर आकड्यापेक्षा बाबांकडे बघायचं आणि सिस्टरला बोलवायचं.

इथे नातेवाइकाचा विषय येतो, आणि तो मला फार जवळचा आहे. आपल्या हॉस्पिटलांत नातेवाईक म्हणजे पास, भेटीची वेळ आणि वॉचमनशी होणारे वाद, असंच वर्षानुवर्षं चालत आलं. कसारा, विरार, पनवेलहून लोकलनं आलेला मुलगा चारच्या ठोक्याला वर जातो आणि पाच वाजता खाली येतो. पण या माणसाला जे दिसतं ते कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. ‘बाबा असे बोलत नाहीत, काहीतरी बिनसलंय’ हे वाक्य मी कधीच हलक्यात घेत नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षांच्या मार्था मिल्स या मुलीचा २०२१ मध्ये सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनल्यानं, मृत्यू झाला. तिची प्रकृती ढासळतेय असं आईवडील सांगत होते, पण ते ऐकलं गेलं नाही. त्यातून २०२४ पासून तिथल्या हॉस्पिटलांत नियम आला: पेशंटची तब्येत बिघडतेय असं कुटुंबाला वाटलं आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून प्रतिसाद मिळाला नाही, तर ते थेट वेगळ्या, आयसीयूतल्या अनुभवी टीमला बोलावू शकतात, दिवसा किंवा रात्री. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात असाच नियम आधीपासून आहे. मुंबईतल्या सगळ्या हॉस्पिटलांत हे यावं असं मला मनापासून वाटतं. त्याला लागतो एक फोन नंबर आणि तो उचलणारं माणूस. तुम्ही दोन्ही हॉस्पिटलांत विचारा: रात्री बाबांची तब्येत बिघडली असं आम्हाला वाटलं आणि वॉर्डातून उत्तर मिळालं नाही, तर कुणाला फोन करायचा?

रोबोटबद्दल फार लिहीत नाही. काही शस्त्रक्रियांमध्ये त्याचा उपयोग निर्विवाद आहे. बायपास मात्र बहुतांश वेळा छाती उघडूनच होते, आणि मोजक्याच पेशंटमध्ये रोबोटचा विचार होतो. बाबांच्या बाबतीत तो पर्याय आहे का हे सर्जनना सरळ विचारा, आणि त्यांनी स्वतः तशा किती केल्यात हेही विचारा. असं विचारणं उद्धटपणा नाही.

त्यापेक्षा ऑपरेशन थिएटरमधल्या एका कागदाबद्दल सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, काप घेण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी, अशा तीन वेळा सगळी टीम थांबते आणि मोठ्यानं खात्री करते: पेशंट कोण, कुठलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, अँटिबायोटिक दिलं का, रक्त तयार आहे का, गॉज आणि सुया मोजल्या का. दिल्लीसह आठ शहरांत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. काम करतो तो मोठ्यानं बोलण्याचा क्षण. मोठे सर्जन समोर असताना सर्वांत ज्युनियर सिस्टरलाही ‘थांबा’ म्हणता येतं. काही ठिकाणी ही यादी टॅबलेटवर गेली आणि सगळ्या चौकोनांवर खुणा आधीच करून टाकायची सवय लागली. तिथे कागद बरा होता.

आता पेशंट-सेंट्रिक म्हणजे काय, हे उपाशी ठेवण्याच्या उदाहरणानं सांगते, कारण इतकं साधं आणि इतकं दुर्लक्षित दुसरं काही नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारा वाजल्यापासून पाणीसुद्धा नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पेशंटचा नंबर लागतो दुपारी दोनला. मे महिन्यात, पंख्याखाली, घसा कोरडा पडलेला म्हातारा माणूस चौदा तास तसाच पडून असतो. भूलतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं कधीपासून सांगतायत की हलकं जेवण सहा तास आधी बंद करायचं, पण साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखे पातळ पदार्थ भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालतात. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जननं १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लवकर बरं होण्याची जी पद्धत मांडली, तिचाही हा एक भाग आहे: कमी उपास, कमी नळ्या, लवकर उठवणं, लवकर खायला देणं. मधुमेह असेल, पोट हळू रिकामं होत असेल, तर नियम बदलतात. त्यामुळे बाबांचं नेमकं वेळापत्रक भूलतज्ज्ञच ठरवतील, तुम्ही स्वतःहून पाणी देऊ नका. पण त्यांना विचारा. ‘रात्री बारापासून’ हे उत्तर पेशंट बघून दिलंय की सगळ्यांना एकच छापील, ते लगेच कळतं.

इथे तंत्रज्ञानाची जोड फार सुंदर बसते. आमच्याकडे थिएटरची यादी आता वॉर्डाच्या स्क्रीनवर दिसते, आणि आधीची केस लांबली की वेळ तिथेच बदलते. सिस्टर बघते की काकांचा नंबर अकराऐवजी दोनला आहे, भूलतज्ज्ञांना फोन करते, ते हो म्हणाले की काकांना पाणी मिळतं. साध्या स्क्रीननं एवढं काम केलं, कारण आधी कुणीतरी ‘पेशंट किती तास उपाशी राहतो’ हा प्रश्न विचारला होता.

मुंबईत हा विचार बाहेरून आलेला नाही. सायन हॉस्पिटलात, म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. कमी दिवसांची बाळं बाटलीच्या दुधामुळे होणाऱ्या जंतुसंसर्गानं दगावत होती. त्यांनी आईला बाळाच्या जवळ आणलं, आईचंच दूध हा उपचाराचा पाया ठरवला, आणि ज्या बाळांच्या आईला दूध येत नव्हतं त्यांच्यासाठी इतर मातांचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, निर्जंतुक करून, साठवायची सोय केली. महापालिकेचं रुग्णालय, गर्दी, पैशांची चणचण, आणि तरीही योग्य यंत्र योग्य प्रश्नाला जोडलं गेलं. नवजात विभागात आई म्हणजे अडथळा नसून उपचार करणारी व्यक्ती आहे, हे तिथे शिकलेल्या सिस्टर पुढे जिथे गेल्या तिथे घेऊन गेल्या.

परळला टाटा मेमोरियलनंही असंच एक काम केलंय. देशभरातून लोक तिथे येतात. अनेक कुटुंबं फूटपाथवर राहतात, काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. अपॉइंटमेंट कॉम्प्युटर देतो, रिपोर्ट ऑनलाइन मिळतो, पण बिहारहून किंवा यवतमाळहून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या माणसाला कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, आधी काय आणि नंतर काय, हे कोण सांगणार? त्यासाठी टाटा मेमोरियलनं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या साथीनं ‘केवट’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. पेशंटला वाट दाखवणारी प्रशिक्षित माणसं त्यातून तयार होतात. कॅन्सरमध्ये उपचार अर्धवट सोडण्याचं एक मोठं कारण म्हणजे पुढचं पाऊल न कळणं. तुमच्या हॉस्पिटलात असं कुणी आहे का ते बघा. पद काहीही असेल, समन्वयक म्हणा, सोशल वर्कर म्हणा. महत्त्वाचं एवढंच की पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच एक माणूस तुमच्या फोनला उत्तर देणारं हवं.

एआयबद्दल थेट विचारलंय म्हणून सांगते. आज ते खात्रीनं उपयोगी ठरलेलं एक ठिकाण म्हणजे छातीचे एक्स-रे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला संगणकाचा वापर मान्य केला, आणि या कामात मुंबईच्याच क्युअर डॉट एआय या कंपनीचं नाव जगभर घेतलं जातं. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे यानं संशयित पेशंट लवकर बाजूला निघतात, आणि पुढची थुंकीची तपासणी लवकर होते. निदान तपासणीनं आणि डॉक्टरनंच होतं. तुमच्या हॉस्पिटलात ‘एआय आयसीयू’ म्हणत असतील, तर ते नेमकं काय बघतं, सूचना कुणाला जाते आणि अंतिम निर्णय कोण घेतो, एवढं विचारा. तीन वाक्यांत समजावता आलं तर ते खरं वापरात आहे असं समजा.

कागदपत्रांचा भाग बदलतोय, पण अजून अर्धवट. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. १४ अंकी आभा क्रमांकाला, म्हणजे तुमच्या आरोग्य ओळख क्रमांकाला, तुमचे रिपोर्ट जोडले जातात आणि तुमच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला दिसू शकतात. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढण्यानं सरकारी रुग्णालयांतल्या रांगा खरोखर कमी होतात. सकाळी सहाला घरून निघून रांगेत उभं राहणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण खासगी हॉस्पिटलांच्या यंत्रणा अजून एकमेकींशी सहज बोलत नाहीत, आणि बहुतेकांसाठी खरी नोंदवही म्हणजे अजूनही ती रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवीच. म्हणून आभा काढाच, पण पिशवीही सांभाळा. अँजिओग्राफीची फक्त फोटोप्रत घेऊ नका, मूळ सीडी किंवा डिजिटल फाइल मागा. दुसऱ्या सर्जनला मत द्यायला तीच लागते. आणि संमती मागणाऱ्या कुठल्याही ॲपवर ‘हो’ म्हणण्याआधी माहिती कुणाला जाणार ते वाचा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती परत घेण्याच्या हक्काचीही तरतूद आहे.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक आहे, ते बघा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर २० टक्के खाटा निर्धन आणि दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी राखीव असतात, आणि सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत असेल तर बायपास तिच्यात बसते. दोन्हींची चौकशी भरतीच्या आधी करा, नंतर फार धावपळ होते.

डिस्चार्जवर मात्र मी थांबणार आहे, कारण घरी गेल्यावर पहिल्या काही दिवसांत जे बिघडतं त्याची मुळं बऱ्याचदा डिस्चार्जच्या घाईत असतात. डॉक्टर राऊंडला सकाळी ‘आज घरी’ म्हणतात आणि पेशंट निघतो संध्याकाळी. मधले तास कुठे जातात हे आम्ही बसून शोधलं. समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, टाइप व्हायची असते, उरलेली औषधं फार्मसीला परत जायची असतात, बिल बंद व्हायचं असतं, मग टीपीएची, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे तपासणाऱ्या संस्थेची, एक शंका येते आणि ती सोडवणारे डॉक्टर थिएटरमध्ये असतात. यातलं बरंचसं आदल्या दिवशीच करता येतं. समरी भरतीपासून रोज थोडी भरली जाते, औषधं रात्रीच परत जातात. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलनं विनंती पाठवल्यावर तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकारणी केली तर ती कंपनीनं सोसायची. हा नियम माहीत असू द्या.

पण वाचलेला वेळ कशाला वापरायचा? समजावून सांगायला. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, औषधांची नावं कंपनीची, आणि सिस्टर दोन मिनिटांत ‘हे सकाळी, हे रात्री’ म्हणून जाते. घरी गेल्यावर जुनी बीपीची गोळी आणि नवी बीपीची गोळी दोन्ही चालू राहतात, कारण जुनी बंद करायची हे कुणी सांगितलंच नाही. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता आमच्याकडे मराठीतला तक्ता निघतो. सकाळ, दुपार, रात्र असे चौकोन, गोळीसमोर ती कशासाठी आहे ते, आणि खाली ठळक अक्षरांत: ही जुनी औषधं बंद. कॉम्प्युटरमुळे हा तक्ता एका बटणावर निघतो, हे तंत्रज्ञानाचं मला वाटणारं सगळ्यात चांगलं रूप. मग सिस्टर काकांना विचारते, ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी कुठल्या गोळ्या घेणार?’ काका सांगतात, चुकलं तर पुन्हा समजावते. त्यांची परीक्षा घेतोय असं वाटू नये म्हणून सुरुवातीलाच म्हणते, ‘मी नीट सांगितलं का ते बघते हं.’ दोन दिवसांनी फोन जातो: ताप आहे का, जखमेतून काही येतंय का, दम लागतो का, साखर किती, वजन वाढलंय का.

तर भरती व्हाल तेव्हा बाबांच्या सगळ्या चालू औषधांचा फोटो आणि ॲलर्जीची नोंद घेऊन जा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते कधी थांबवायचं हे सर्जनना आधीच विचारा. पाळी बदलताना सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना माहिती देतात का ते बघा. देत असतील तर त्या वेळी कुणीतरी बाबांजवळ असा आणि काही चुकीचं सांगितलं गेलं तर तिथेच बोला. आणि डिस्चार्जच्या दिवशी, रात्री अडचण आली तर लावायचा म्हणून जो नंबर देतील, तो हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडण्याआधी एकदा स्वतः लावून बघा, कोण उचलतं ते.